ब्रिटिश लोकप्रिय संगीताची धार बोथट झाली आहे का?

राजारामपुरीकर

इंग्रजी गाणी नेमाने ऐकणारे आम्ही काही जण कोल्हापुरात अधूनमधून एकत्र जमतो आणि अलीकडे प्रत्येक वेळी चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन अडते, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

1962 च्या ऑक्टोबरमध्ये बीटल्सची पहिली तबकडी बाजारात आली. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे असा एक काळ होता की, दर चार-पाच वर्षांनी त्या लहानशा बेटावरून काहीतरी असे यावे, जे त्याआधी कोणी ऐकलेले नाही. 4 एप्रिल 1964 च्या, लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन बिलबोर्ड यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे सातत्य. 1976-77 चे पंक हे रांगडे, आक्रमक रॉक संगीत, 1979 मध्ये कॉव्हेंट्रीहून आलेले, स्का हे जमैकन नृत्यसंगीत आणि पंक यांना एकत्र बांधणारे टू-टोन, शेफील्डच्या तरुणांनी सिंथेसायझरवर उभे केलेले संगीत, 1991 मध्ये ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकने मंद लयीत आणलेला तो गूढ, धूसर नाद आणि त्यानंतर लंडनचे जंगल व ड्रम अँड बेस हे अतिवेगवान ठेक्यांचे नृत्यसंगीत, ही सारी नवनिर्मिती होती आणि जगाने तिची नक्कल केली.

त्यानंतर काय, असा माझा प्रश्न आहे. अडेल आणि एड शीरन यांचा खप प्रचंड आहे, त्यांच्या गळ्याबद्दल वा मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यामुळे संगीताची भाषा बदलली असे कोणी म्हणेल का? जगभरातील ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना असलेल्या आयएफपीआयच्या 2024 च्या याद्यांत सर्वाधिक चाललेल्या पहिल्या दहा गाण्यांमध्ये आणि पहिल्या दहा अल्बममध्ये एकही ब्रिटिश नाव नव्हते. आपल्या तारुण्यातील गाणी प्रत्येकालाच श्रेष्ठ वाटतात, हा आक्षेप मला मान्य आहे, तरीही तो बाजूला ठेवून विचारतो: ही धार खरोखरच बोथट झाली आहे का, आणि झाली असल्यास कशामुळे?

शाहूपुरीकर

राजारामपुरीकर, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजत आहात असे मला वाटते. अमेरिकेतील किंवा जगातील विक्रीची यादी ही बाजारपेठेची हकीकत सांगते; नवे काय घडते आहे याचा पत्ता तिच्यात उशिरा लागतो आणि पुष्कळदा लागतच नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण 2002 चे आहे. त्या वर्षीच्या 27 एप्रिलच्या बिलबोर्ड यादीतील शंभर गाण्यांत एकही ब्रिटिश कलाकार नव्हता आणि 1963 च्या ऑक्टोबरनंतर असे प्रथमच घडले होते. म्हणजे आज आपण जो प्रश्न विचारत आहात, तो तेव्हाही तितक्याच गांभीर्याने विचारता आला असता. प्रत्यक्षात नेमक्या त्याच सुमारास पूर्व लंडनमधील बो या भागात, सरकारी गृहसंकुलांच्या उंच इमारतींत, शाळकरी वयाची मुले घरच्या संगणकावर ठेके रचत होती आणि विनापरवाना चालणाऱ्या नभोवाणी केंद्रांवरून ते प्रसारित करत होती. मिनिटाला सुमारे 140 ठोक्यांची ती लय, तुटक आणि थंडगार नाद, त्यावर स्थानिक उच्चारांतले वेगवान शब्द, हे सारे पुढे ग्राइम या नावाने ओळखले गेले. 2003 मध्ये ग्राइम गाणाऱ्या डिझी रास्कलच्या पहिल्याच अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठीचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. साधारण त्याच काळात दक्षिणेकडे क्रॉयडनमध्ये, एका तबकड्यांच्या दुकानाभोवती जमणाऱ्या मुलांनी डबस्टेप हे खोल खर्जाचे नृत्यसंगीत घडवले. दहा वर्षांच्या आत त्याचे एक धटिंगण रूप अमेरिकेत तयार झाले आणि मोठा पैसा तिकडे मिळाला.

येथेच आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. ब्रिटनमध्ये शोध लागतात, पण ते आता पूर्वीसारखे त्या देशाचे नाव कपाळावर लावून जगात फिरत नाहीत. शिकागोमध्ये जन्मलेले ड्रिल हे रॅप संगीत लंडनच्या तरुणांनी उचलले, त्याचा ठेका पार मोडून सरकत्या खर्जाचा केला आणि मग 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या पॉप स्मोकने जे गाणे गाजवले, त्याचा निर्माता 808मेलो हा लंडनचा होता. ऐकणाऱ्याला ते न्यूयॉर्कचे गाणे वाटते, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

जुना_बाजार

शाहूपुरीकरांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण मला ते पटत नाही. काही मोजक्या जाणकारांना माहीत असलेले उपप्रकार मोजून दाखवणे म्हणजे धार सिद्ध करणे नव्हे. बीटल्सचे किंवा पुढे गायक डेव्हिड बोवीचे मोठेपण हेच होते की, सर्वांत धाडसी प्रयोग आणि सर्वांत लोकप्रिय गाणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच तबकडीवर होत्या. 1975 मध्ये क्वीन या बँडने जवळपास सहा मिनिटांचे, ध्रुवपद नसलेले, मध्येच ऑपेरात शिरणारे गाणे काढले आणि ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आजचा प्रयोग कोपऱ्यात आणि आजची लोकप्रियता गुळगुळीत, अशी फाळणी झाली आहे. मी ऱ्हास म्हणतो तो याला.

शिवाय लोक स्वतः काय निवडत आहेत ते पाहावे. 2022 मध्ये केट बुशचे 1985 मधील गाणे एका दूरचित्रमालिकेमुळे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तो क्रमांक पुन्हा बीटल्सनी पटकावला, आणि तोही जॉन लेननच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीवरून संगणकाच्या साहाय्याने त्याचा आवाज वेगळा काढून. 2025 मध्ये सर्वांत मोठी घटना कोणती, तर सोळा वर्षांपूर्वी फुटलेल्या ओएसिस या बँडचे पुन्हा एकत्र येणे. ज्या देशाचे वर्तमान इतके जोमदार आहे, त्याला भूतकाळाची इतकी भूक का लागावी?

ठेकेदार

मी तबला शिकवतो आणि पाश्चात्त्य संगीताशी माझा संबंध श्रोत्याचाच आहे, तरी या चर्चेत एक मुद्दा सुटतो आहे असे वाटल्याने लिहितो. धार आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. अल्लादिया खाँसाहेब 1895 च्या सुमारास शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि त्यांची अवघड, वळणावळणाची गायकी येथे रुजली. ती रुजली याचे कारण असे की, एका मोठ्या गवयाला उद्याच्या भाकरीची चिंता न करता वर्षानुवर्षे रियाज करण्याची आणि पुढची पिढी तयार करण्याची सवड मिळाली. देवल क्लबसारखी संस्था होती, जाणकार श्रोते होते, महाराजांनी 1915 मध्ये उभारलेले थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, होते. राजाश्रय म्हणजे नुसता पैसा नव्हे. कोणी हिशेब मागत नाही असा वेळ, शिकण्याची सोय आणि चुका पचवणारी एखादी खोली, अशा तीन गोष्टी त्यात येतात.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा आश्रय शासनाने दिला, आणि गंमत अशी की संगीतासाठी म्हणून तो दिलेलाच नव्हता. तिथली कलामहाविद्यालये पाहा. जॉन लेनन लिव्हरपूलच्या, कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, पीट टाउनशेंड ईलिंगच्या, ब्रायन ईनो इप्स्विचच्या कलाशाळेतला. जुना_बाजार यांनी क्वीनचा उल्लेख केला आहे, म्हणून सांगतो की फ्रेडी मर्क्युरीही ईलिंगमध्येच ग्राफिक डिझाइन शिकला; त्याआधी तो आपल्या पाचगणीच्या शाळेत होता आणि त्याचा पहिला बँड तिथेच उभा राहिला, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. या शाळांत शालेय गुणांवर फारसे न चमकलेली मुले येत, दिवसा चित्रे काढीत, रात्री गिटार वाजवीत. 1962 च्या कायद्यानंतर पदवीच्या विद्यार्थ्याचे शुल्क आणि निर्वाहभत्ता देणे स्थानिक प्रशासनाला बंधनकारक झाले. ऐंशीच्या दशकात, थॅचरबाईंच्या कारकिर्दीत, बेकारांनी स्वतःचा धंदा काढावा म्हणून आठवड्याला 40 पौंड देणारी योजना निघाली, आणि बँडवाल्यांनी व छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्या काढणाऱ्यांनी तिचा मनसोक्त लाभ घेतला. योजना आखणाऱ्यांना हे अभिप्रेत नसावे!

आता उलट बाजू पाहू. 1998 मध्ये विद्यापीठांत वर्षाला 1,000 पौंड शुल्क सुरू झाले आणि 2012 पासून इंग्लंडमध्ये ते 9,000 पौंडांपर्यंत गेले. लंडनमधील घरभाड्याविषयी मी वेगळे काय सांगावे? लहान कार्यक्रमस्थळांची स्थिती तर सर्वांत वाईट आहे. अशा जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या हिशेबानुसार 2023 या एकाच वर्षात 125 जागांवरचे संगीत थांबले. बाथ शहरातील मोल्स ही जागा 45 वर्षांनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बंद झाली, जिथे ओएसिस आणि रेडिओहेड प्रसिद्ध होण्यापूर्वी वाजवून गेले होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा आपण सारे हळहळलो. तिकडे आग न लागताच भाडे, वीजबिल आणि कर यांनी तेच काम केले आहे. मोठ्या मैदानांवर कार्यक्रम करणाऱ्यांनी प्रत्येक तिकिटामागे एक पौंड या लहान जागांना द्यावा अशी मागणी आहे. कोल्डप्लेने 2025 मधील आपल्या ब्रिटनमधील मैदानी कार्यक्रमांच्या मिळकतीतला दहावा हिस्सा देऊ केला, हे त्यातल्या त्यात बरे.

म्हणून माझे मत असे आहे की, प्रतिभा आटलेली नाही, परंतु ती कोणाच्या घरात जन्मली यावर तिचे भवितव्य आता पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून आहे. ज्या घराला तीन-चार वर्षे मुलाला पोसणे परवडते, त्याच घरातला मुलगा गिटार घेऊन बसू शकतो.

गावभाग_सांगली

ठेकेदार सर, आपला प्रतिसाद फार आवडला. त्याला एक पुरवणी जोडते. लग्नानंतर मी कोल्हापूरकर झाले असले तरी मूळची सांगलीची आहे, त्यामुळे ज्या गावात आशाताई जन्मल्या त्या गावाची बाजू मांडणे मला भाग आहे.

आपण सारे ब्रिटिश संगीत म्हटल्यावर नकळत चार गोरे तरुण आणि तीन गिटारी डोळ्यांसमोर आणतो. 1998 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले कॉर्नरशॉपचे गाणे आशा भोसले यांना केलेले वंदन होते. गाण्याचा कर्ता ताजिंदर सिंग हा इंग्लंडमध्येच वाढलेल्या पंजाबी घरातला. घरात चित्रपटगीतांच्या तबकड्या आणि बाहेर इंग्लिश बँड, या दोन्हींवर त्याचे कान तयार झाले होते. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, तबला आणि ड्रम अँड बेस यांचा मेळ घालणाऱ्या तलविन सिंगला मर्क्युरी पारितोषिक मिळाले. कॉव्हेंट्रीच्या पंजाबी एमसीने तुंबी आणि ढोलाचा ठेका 2003 मध्ये युरोपभर नाचवला. ठेकेदार सरांच्या विद्यार्थ्यांना तलविनचे वादन ऐकवले तर नाके मुरडली जातील की कान टवकारले जातील, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

माझा मुद्दा असा आहे की, ब्रिटिश संगीताला धार येते ती वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसे एकाच गल्लीत राहिल्यामुळे. 1948 मध्ये विंडरश जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे लोक उतरले. त्यांनी सोबत आणलेली, मोठे ध्वनिक्षेपक लावून तबकड्यांवर नाचण्याची संस्कृती नसती, तर टू-टोन, ब्रिस्टलचे संगीत, जंगल, डबस्टेप आणि ग्राइम यांपैकी काहीच झाले नसते. आता नायजेरिया आणि घाना येथून आलेल्या कुटुंबांची मुले गात आहेत: स्केप्टा, डेव्ह, लिटल सिम्झ यांची कुटुंबे नायजेरियन, स्टॉर्मझीचे घानाचे. 2019 मध्ये स्टॉर्मझी ग्लॅस्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर शेवटचा मानाचा कार्यक्रम करत होता, तेव्हा ग्राइम कोपऱ्यातले राहिलेले नव्हते. म्हणून जुना_बाजार यांची कोपरा आणि मध्य अशी विभागणी मला पुरेशी वाटत नाही. मध्यावर कोण उभे आहे, हे बदलले आहे.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदार सरांचे कारण आणि गावभाग_सांगली यांचे निदान या दोन्हींचा मी विचार करतो आहे. तरीही एक शंका उरते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी संगीत कोल्हापुरात पोहोचणे अतिशय अवघड होते. मुंबईहून कोणी कॅसेट आणली तर ती हातोहात फिरत असे. आज सारे काही फोनवर आहे, तरी येथील तरुणांना अडेल आणि शीरन माहीत असतात, लिटल सिम्झ माहीत नसते. नवे जर खरोखरच इतके सकस असेल, तर ते आपल्यापर्यंत येण्याऐवजी वाटेत कुठे मुरते?

शाहूपुरीकर

याचे उत्तर बहुतांशी वाटाड्यांच्या नाहीसे होण्यात आहे. बीबीसीचा टॉप ऑफ द पॉप्स हा कार्यक्रम 1964 मध्ये सुरू झाला आणि 2006 मध्ये बंद पडला. दर आठवड्याला सारे कुटुंब एका दूरचित्रवाणी संचासमोर बसत असे आणि आजोबांना न आवडणारे गाणेही आजोबांना पाहावे लागे. जॉन पील हे निवेदक 1967 मध्ये रेडिओ वन सुरू झाले तेव्हापासून 2004 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, कोणाच्याही खपाची पर्वा न करता अनोळखी बँडना स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रित करत राहिले. एनएमई या संगीतविषयक साप्ताहिकाची छापील आवृत्ती 2018 मध्ये थांबली. ही माणसे आणि साधने मतलबी, हट्टी, कधीकधी अन्यायीही होती, पण श्रोत्याला जे हवे आहे हे त्यालाच ठाऊक नव्हते, ते ती त्याच्यापुढे ठेवत. आजची फोनवर गाणी सुचवणारी यंत्रणा काल ऐकलेल्यासारखेच उद्या ऐकवते.

याचा परिणाम यादीवर कसा झाला, ते 2017 च्या मार्चमध्ये दिसले. एड शीरनचा नवा अल्बम आला आणि ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत एकट्याची सोळा गाणी बसली, कारण इंटरनेटवर अल्बम सलग ऐकणाऱ्या प्रत्येकाचे ऐकणे गाण्यागणिक मोजले जात होते. त्यानंतर एका कलाकाराची फार तर तीन गाणी यादीत घेण्याचा नियम करावा लागला. 1964 च्या बीटल्सच्या पाच गाण्यांशी हे वरवर सारखे दिसते, पण तेव्हा प्रत्येक गाण्याची तबकडी कोणीतरी दुकानात जाऊन स्वतंत्रपणे विकत घेतली होती.

जुना_बाजार यांना एक प्रश्न विचारतो. 2013 मध्ये लंडनमध्ये ए. जी. कुक या तरुणाने पीसी म्युझिक नावाची चिमुकली कंपनी काढली. चकचकीत पॉपचे सारे कृत्रिम आवाज मुद्दाम अतिरेकापर्यंत नेण्याचा तिचा उद्योग पुष्कळांना थट्टेचा वाटला होता. त्याच कुकच्या साथीने चार्ली एक्ससीएक्सने 2024 मध्ये केलेला ब्रॅट हा अल्बम त्या उन्हाळ्यात सर्वत्र गाजला आणि त्याला ग्रॅमी पारितोषिकेही मिळाली. प्रयोग आणि लोकप्रियता एकाच तबकडीवर हवी, ही आपली कसोटी येथे पूर्ण होते की नाही?

जुना_बाजार

होते, पण अकरा वर्षे लागली. पंकला एक वर्ष लागले होते. शिवाय ब्रॅट ऐकताना मला ठेका आणि आवाजाचा पोत लक्षात राहतो, चाल राहत नाही. माझ्या दृष्टीने लोकप्रिय संगीताची खरी परीक्षा चालीत आहे: वाद्ये काढून घेतली आणि कोणी नुसते गुणगुणले तरी गाणे उभे राहिले पाहिजे. या कसोटीवर साठचे दशक आजही अभेद्य आहे आणि या मताला मी चिकटून राहणार आहे. गिटार वाजवणारा आणि चाल सांभाळणारा एखादा नवा ब्रिटिश बँड असेल तर नाव सांगावे; मी पूर्वग्रह न ठेवता ऐकेन.

ठेकेदार

चालीचा आग्रह आपण सोडू नये, पण तालात शोध लागू शकतो हे तबलजीसमोर नाकारणे थोडे धाडसाचे आहे. डिझीच्या पहिल्या अल्बममध्ये जिथे सम अपेक्षित असते तिथे रिकामी जागा येते, आणि त्या रिकाम्या जागेने अंगावर काटा येतो. ही कामगिरी चालीपेक्षा कमी कशी?

गावभाग_सांगली

जुना_बाजार, आपल्यासाठी पहिले नाव लीड्सच्या इंग्लिश टीचर या बँडचे. त्यांच्या पहिल्याच अल्बमला 2024 चे मर्क्युरी मिळाले, गिटारी आहेत आणि चालीही आहेत. ते पचले तर ब्लॅक मिडी ऐकावे. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये भेटलेली ही मुले ब्रिक्स्टनच्या विंडमिल नावाच्या लहानशा पबमध्ये वाजवून तयार झाली. विनाशुल्क शाळा आणि स्वस्त खोली, म्हणजे ठेकेदार सरांनी सांगितलेल्या तीनपैकी दोन गोष्टी त्यांना मिळाल्या. मात्र चालीची अपेक्षा तिथे जरा बाजूला ठेवावी लागेल.

राजारामपुरीकर, आपल्या बैठकीत एका वेळी एकच अल्बम ठेवावा आणि तो सलग ऐकावा असे सुचवते. लिटल सिम्झचा 2021 चा अल्बम, ज्याला पुढच्या वर्षी मर्क्युरी मिळाले, तासाभराहून मोठा आहे, त्यामुळे चहा आधीच करून घ्यावा. त्यानंतर एझरा कलेक्टिव्ह: पाच तरुणांचा हा जॅझ बँड टुमॉरोज वॉरियर्स या विनाशुल्क शिकवणाऱ्या उपक्रमातून पुढे आला आणि 2023 मध्ये मर्क्युरी मिळवणारा पहिला जॅझ बँड ठरला, त्यांचा ढोलकिया पश्चिम आफ्रिकेच्या लयीत वाजवतो, म्हणून ठेकेदार सरांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे. पिंकपँथरेसचा 2021 चा संग्रह शेवटी ठेवावा. जुन्या जंगल आणि गराज या नृत्यसंगीतांच्या ठेक्यांवर तिने हळुवार गायलेली ती दहा गाणी मिळून वीस मिनिटांच्या आत संपतात. कोणाला नाही आवडली तरी फारसे बिघडणार नाही.